४६ सामने आणि ७ ट्राय: जॅक काईल यांची कारकीर्द कशी वाचावी

महाविद्यालयीन रग्बी संघात फ्लाय-हाफ (चेंडू मिळताच पास, लाथ की धाव हे ठरवणारा खेळाडू) म्हणून खेळणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आयर्लंडचे जॅक काईल १९४७ ते १९५८ अशी बारा वर्षे आंतरराष्ट्रीय रग्बी युनियन खेळले, पण त्यांच्या नावावर देशासाठी केवळ ४६ सामने आणि ७ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून केलेली गुणांची कमाई) आहेत. असे असताना २००२ मध्ये आयर्लंडच्या रग्बी संघटनेने त्यांना आपला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणत्या आधारावर ठरवले, आणि यात जुन्या काळाविषयीचा हळवेपणा किती?

मी स्वतः याच जागेवर खेळलो आणि नंतर तीस वर्षे मुलांना याच जागेसाठी तयार करतो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, कारण हे दोन्ही आकडे खरे असले तरी ते ज्या खेळात जमा झाले तो खेळ आज त्याच नावाने खेळल्या जाणाऱ्या खेळाहून बराच वेगळा होता.

आधी ४६ हा आकडा घेऊ. काईल यांच्या काळात आयर्लंडला वर्षाला साधारण चारच आंतरराष्ट्रीय सामने मिळत, म्हणजे फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांच्याविरुद्ध प्रत्येकी एक. दक्षिण गोलार्धातला एखादा संघ दौऱ्यावर आला तरच त्यात एकाची भर पडे. काईल यांची वर्षवार नोंद पाहिली की चित्र स्पष्ट होते. १९४७ मध्ये पाच, पुढची तीन वर्षे प्रत्येकी चार, १९५१ मध्ये पाच, १९५२ आणि १९५३ मध्ये चार-चार, १९५४ मध्ये दोन, १९५५ मध्ये तीन, नंतर दोन वर्षे पुन्हा चार-चार आणि १९५८ मध्ये तीन. या सर्वांची बेरीज ४६ होते. १९५४, १९५५ आणि शेवटचे १९५८ ही वर्षे सोडली तर या बारा वर्षांत पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतला त्यांचा एकही सामना चुकलेला नाही, आणि ते निवृत्त झाले तेव्हा हा आकडा जगातला सर्वाधिक होता. आयर्लंडसाठी १३३ सामने खेळलेल्या ब्रायन ओड्रिस्कॉल यांच्या शेजारी तो लहान दिसतो हे खरे, पण आज वर्षाला दहा-बारा कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, होतात आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी मैदानात उतरलेल्या बदली खेळाडूच्या नावावरही सामना लागतो. काईल यांच्या काळात बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता, दुखापतीसाठीसुद्धा नव्हता, आणि ती मुभा १९६८ नंतर आली. म्हणजे फ्लाय-हाफचा खांदा निखळला तर तो खांदा धरून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जाऊन उभा राही आणि संघ चौदा माणसांवर उरलेला सामना काढी.

ट्रायच्या आकड्यासाठी मात्र नियमांत शिरावे लागेल, आणि माझ्या मते खरे उत्तर तिथेच आहे.

आज स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत खांदे अडकवून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो भाग, चालू असताना दोन्ही संघांच्या बचावफळीला आपल्या शेवटच्या खेळाडूच्या पायांमागे काही अंतरावर उभे राहावे लागते. त्यामुळे स्क्रममधून चेंडू काढून देणाऱ्या स्क्रम-हाफकडून तो मिळाल्यावर फ्लाय-हाफला समोर थोडी मोकळी जमीन दिसते. काईल यांच्या काळात ही जमीन नव्हती. समोरची बचावफळी चेंडूच्या रेषेपर्यंत पुढे येऊन उभी राहू शके, आणि स्क्रमच्या कडेला बांधलेला फ्लँकर चेंडू बाहेर पडताच सुटून थेट फ्लाय-हाफच्या अंगावर जाई. त्या काळातल्या चांगल्या फ्लँकरचे मुख्य कामच हे होते की समोरच्या फ्लाय-हाफला चेंडूसकट पाडायचे, आणि जमल्यास इतक्या जोरात पाडायचे की पुढच्या वेळी त्याचे लक्ष चेंडूऐवजी आपल्याकडे राहील. बचावफळीला मागे रेटणारा नियम १९६४ मध्ये आला, म्हणजे काईल निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी. त्यात चामड्याचा चेंडू, जो पावसात पाणी पिऊन जड आणि निसरडा होई, आणि फेब्रुवारी-मार्चमधली डब्लिनची किंवा बेलफास्टची चिखलाची मैदाने यांची भर घाला.

हे कागदावर वाचून समजत नाही, म्हणून मी मुलांना ते करून दाखवतो. मुंबईत रग्बी हा पावसाळ्याचा खेळ असल्यामुळे जुलैमधले मैदान आणि ओला चेंडू हे दोन्ही आयतेच मिळतात. मी फ्लाय-हाफला स्क्रमपासून नेहमीच्या अंतरावर उभा करतो आणि फ्लँकरला जुन्या नियमाने सुटायची परवानगी देतो. चेंडू स्क्रम-हाफच्या हातून निघतो तेव्हा फ्लँकरचे पहिले दोन पाय पडलेले असतात, आणि चेंडू छातीशी येतो तेव्हा तो दोन हातांवर पोहोचलेला असतो. जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्या खेपेला चेंडूऐवजी फ्लँकरकडे पाहतो आणि चेंडू हातातून निसटतो. दुसऱ्या खेपेला तो चेंडूकडे पाहतो आणि चिखलात आडवा होतो. पाचव्या-सहाव्या खेपेला एखाद्या मुलाच्या लक्षात येते की जोरात सुटलेल्या माणसाला दिशा बदलणे जड जाते, म्हणून त्याला आणखी अर्धे पाऊल जवळ येऊ द्यायचे आणि मग त्याच्या आतल्या खांद्याच्या बाजूने निघायचे. हे अर्धे पाऊल थांबणे म्हणजेच काईल, असे मी मुलांना सांगतो. त्या काळच्या बातमीपटांचे जे तुकडे आज पाहायला मिळतात, त्यांत ते फार वेगाने धावताना दिसतात असे नाही. दिसतो तो एक सडपातळ माणूस, ज्याला पकडायला आलेला माणूस पोहोचतो तेव्हा तो तिथे नसतो.

अशा खेळात एका फ्लाय-हाफने सात ट्राय करणे ही मामुली गोष्ट नव्हती. त्यातही १९५३ मध्ये बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर फ्रान्सविरुद्ध त्यांनी केलेला ट्राय इतका गाजला की एका पत्रकाराने, सर्वांना हुलकावणी देणाऱ्या नायकावरच्या जुन्या इंग्रजी कवनात नायकाच्या जागी काईल यांचे नाव घालून विडंबन लिहिले. आयर्लंडने तो सामना १६-३ असा जिंकला.

तरीही काईल यांचे खरे मोल त्यांच्या स्वतःच्या ट्रायमध्ये शोधू नये. तो खेळ प्रामुख्याने पायाचा होता. मैदानाच्या कोणत्याही भागातून चेंडू थेट रेषेबाहेर मारता येई आणि तो जिथे बाहेर गेला तिथूनच लाइनआउटने, म्हणजे चेंडू कडेवरून पुन्हा आत फेकून, खेळ सुरू होई. ही सोय पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस काढून घेतली गेली. परिणामी चांगला फ्लाय-हाफ आपल्या संघाला लाथेने पन्नास यार्ड पुढे नेऊ शके, आणि काही संघ ऐंशी मिनिटे एवढेच करत राहत. काईल यांनी लाथेचा वेगळा उपयोग केला, कारण त्यांच्या संघात बिल मकाय, जिम मॅकार्थी आणि डेस ओब्रायन ही स्क्रमच्या मागच्या ओळीतल्या तिघांची शेवटची फळी होती, आणि त्या काळात इतकी चपळ फळी क्वचितच कुणाकडे होती. ते चेंडू रेषेबाहेर मारण्याऐवजी बचावफळीच्या डोक्यावरून अशा जागी टाकत की तो खाली येईपर्यंत हे तिघे तिथे पोहोचलेले असत. १९४९ मध्ये स्वॉन्झीला वेल्सविरुद्धचा ५-० असा विजय, ज्याने आयर्लंडला ट्रिपल क्राउन (एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवर विजय) मिळाला, अशाच एका लाथेतून आला. काईल यांनी चेंडू वर उडवला, मॅकार्थी यांनी तो झेलून ट्राय केला आणि जॉर्ज नॉर्टन यांनी ट्रायनंतरच्या लाथेने त्यावर दोन गुण मिळवले. सामन्यातले एवढेच गुण. आकडेवारीत काईल यांच्या नावापुढे त्या दिवशी काहीही लागलेले नाही.

आता १९४८ कडे वळतो, कारण त्यांचे नाव ज्या कारणाने आजही घेतले जाते ते हे वर्ष. त्या वर्षी आयर्लंडने चारही सामने जिंकून आपला पहिला ग्रँड स्लॅम पूर्ण केला. कर्णधार कार्ल मलन हे डॉक्टर, आणि काईल बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात वैद्यकीचे विद्यार्थी. नववर्षाच्या दिवशी पॅरिसमध्ये फ्रान्सवर १३-६, ट्विकनहॅमला इंग्लंडवर ११-१०, डब्लिनमध्ये स्कॉटलंडवर ६-० आणि १३ मार्चला रेव्हनहिलवर वेल्सवर ६-३. चार सामन्यांत मिळून ३६ गुण, आणि ते कसे आले ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी ट्रायला तीन गुण आणि त्यानंतर गोलखांबांमधून मारलेल्या लाथेला, म्हणजे कन्व्हर्जनला, दोन गुण मिळत. आयर्लंडने दहा ट्राय केले आणि तीन कन्व्हर्जन साधली. संपूर्ण मोहिमेत पेनल्टीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या लाथेचा, एकही गोल नाही. आजच्या कसोटीत दोन पेनल्टींनी जो फरक पडतो तो त्यांना प्रत्येक वेळी धावून कमवावा लागला. दहापैकी दोन ट्राय काईल यांचे होते, एक इंग्लंडविरुद्ध आणि दुसरा स्कॉटलंडविरुद्ध.

इंग्लंडचा सामना मात्र काईल यांच्याच हातून निसटता निसटता राहिला. आयर्लंड ११-५ असे पुढे असताना त्यांनी टाकलेला एक पास इंग्लंडच्या डिकी गेस्ट यांनी मध्येच उचलला आणि लांब पल्ला धावत जाऊन ट्राय केला. कन्व्हर्जन झाल्यावर फरक एका गुणाचा उरला आणि शेवटची मिनिटे आयर्लंडने जीव मुठीत धरून काढली. मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्याबद्दलचे बहुतेक लेखन त्यांना चूक न करणारा जादूगार करून टाकते. ते तसे नव्हते. बराच वेळ ते शांत असत, एखाद्या सामन्यात तासभर काहीच न केल्यासारखे वाटत, आणि अशा वेळी प्रेक्षकांत नाराजीही असे. मधल्या काळात ते समोरच्या फ्लँकरला हेच शिकवत असत की आपण चेंडू आला की पास देतो किंवा लाथ मारतो. तो सवयीने सैल पडला की मग एकदाच, योग्य जागी, ते निघत.

वेल्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात बार्नी मलन यांनी पहिला ट्राय केला, ब्लेडिन विल्यम्स यांनी वेल्ससाठी बरोबरी साधली, आणि विजयाचा ट्राय पुढच्या फळीतल्या जॅक डेली यांनी केला. त्यानंतरचा उरलेला वेळ काईल यांनी वेल्सला त्यांच्याच भागात अडकवून ठेवण्यात घालवला. वर्तमानपत्रे अर्थातच डेली यांच्यावर भरली, आणि ते योग्यच होते. आयर्लंडला दुसरा ग्रँड स्लॅम मिळायला मग २१ मार्च २००९ उजाडावे लागले. कार्डिफमधल्या त्या सामन्यात रोनन ओगारा या फ्लाय-हाफने चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून मारलेल्या ड्रॉप गोलने आयर्लंडला निर्णायक आघाडी मिळाली तेव्हा ८३ वर्षांचे काईल प्रेक्षकांत बसलेले होते.

त्यांचा दर्जा आयर्लंडबाहेर सिद्ध झाला तो १९५० च्या ब्रिटिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा संयुक्त संघ) दौऱ्यात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला संघ बोटीने गेला आणि सारा दौरा जवळपास सहा महिन्यांचा झाला. नॉर्टन यांचा हात मोडल्यावर त्यांच्या जागी लुइस जोन्स या तरुणाला विमानाने पाठवण्यात आले आणि त्याचीच तेव्हा मोठी बातमी झाली, यावरून काळाची कल्पना यावी. कसोटी मालिकेत न्यूझीलंडने तीन सामने जिंकले आणि ड्युनेडिनची पहिली कसोटी ९-९ अशी बरोबरीत सुटली. त्या कसोटीत लायन्सच्या एका ट्रायवर काईल यांचे नाव आहे. ते सहाही कसोटी खेळले, चार न्यूझीलंडविरुद्ध आणि दोन ऑस्ट्रेलियाविरुद्ध. हरलेल्या संघाच्या फ्लाय-हाफचे कौतुक न्यूझीलंडचे लोक सहसा करत नाहीत, तरीही तिथल्या रग्बीच्या वार्षिकाने त्या वर्षीच्या निवडक खेळाडूंत काईल यांना स्थान दिले. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या सन्मानांत हा सर्वांत वजनदार आहे, कारण तो देणाऱ्यांना आयर्लंडविषयी हळवे होण्याचे काहीच कारण नव्हते.

लायन्ससाठी त्यांची निवड जाहीर झाली तेव्हाची एक गोष्ट ते पुढे सांगत असत. वडिलांना ती बातमी वर्तमानपत्रातून समजली आणि त्यांनी घरात एवढेच विचारले की हा मुलगा कधी तरी डॉक्टर होणार आहे की नाही. मुलगा दौऱ्यावरून परतला आणि १९५१ मध्ये डॉक्टर झाला.

त्याच १९५१ मध्ये आयर्लंड पुन्हा अजिंक्यपदावर पोहोचले. फ्रान्सला ९-८, इंग्लंडला ३-० आणि स्कॉटलंडला ६-५ असे हरवल्यावर कार्डिफमध्ये वेल्सशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि दुसरा ग्रँड स्लॅम थोडक्यात हुकला. आयर्लंडचे ते तीन गुण काईल यांच्या ट्रायचे होते. वेल्सकडून त्या दिवशी क्लिफ मॉर्गन हा नवा फ्लाय-हाफ पहिलाच सामना खेळत होता, ज्याच्यासाठी समोर उभा असलेला काईल हा आदर्श होता. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद वेल्समध्ये आणि आयर्लंडमध्ये अनेक वर्षे चालला. माझे मत विचाराल तर मॉर्गन अधिक देखणे खेळत आणि प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून खिळवून ठेवत. पण ओल्या मैदानावर, सामना बरोबरीत असताना, मी चेंडू काईल यांच्या हातात दिला असता. मॉर्गन यांच्या बचावाबद्दल मला शंका नाही, तरी काईल आडवे धावत येऊन कोपऱ्यातला शेवटचा माणूस ज्या रीतीने पाडत, त्याची तारीफ त्यांच्याबरोबर खेळलेल्या लोकांनी कायम केली, आणि फ्लाय-हाफच्या बाबतीत ही तारीफ सहसा ऐकू येत नाही.

यापुढचा काळ चढता नाही, हेही सांगायला हवे. १९५१ नंतर काईल खेळत असताना आयर्लंडला पुन्हा अजिंक्यपद मिळाले नाही. ती शेवटची फळी एकेक करून निवृत्त झाली आणि काईल यांच्या उंच लाथेखाली पोहोचणारे कुणी उरले नाही. १९५१ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून आणि १९५४ च्या जानेवारीत न्यूझीलंडकडून आयर्लंडला स्पष्ट पराभव पत्करावा लागला. दौऱ्यावर आलेल्या दक्षिण गोलार्धातल्या संघावरचा पहिला विजय १९५८ मध्ये मिळाला, ऑस्ट्रेलियावर ९-६ असा, आणि तो काईल यांच्या शेवटच्या हंगामात आला. त्याच वर्षी १ मार्चला डब्लिनमध्ये स्कॉटलंडला १२-६ असे हरवून त्यांनी आयर्लंडची जर्सी उतरवली. वय ३२.

प्रश्नाच्या आकड्यांत जे मुळीच येत नाही ते म्हणजे ही सारी कारकीर्द फुकटची होती. रग्बी युनियनमध्ये खेळाडूला पैसे घेता येत नसत, आणि १९९५ पर्यंत तसेच चालले. शनिवारी आंतरराष्ट्रीय सामना आणि सोमवारी वॉर्डात हजेरी असे दिवस काईल यांनी काढले. बेलफास्टचा, म्हणजे उत्तर आयर्लंडमधला, हा मुलगा संपूर्ण बेटाच्या संघातून खेळे. १९४९ मध्ये दक्षिणेचे प्रजासत्ताक झाले, राजकारण दोन बाजूंना गेले, तरी रग्बीचा संघ एकच राहिला, आणि घरचे सामने कधी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर तर कधी रेव्हनहिलवर होत. खुद्द काईल यांच्या घरातही रग्बीच होते, कारण त्यांच्या बहिणीचे पती नोएल हेंडरसन हे त्यांच्याच बाहेर सेंटर खेळत. मेहुण्याला पास देण्याची ही सोय सगळ्यांनाच मिळत नाही!

निवृत्तीनंतर त्यांनी रग्बीवर उदरनिर्वाह केला नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते सुमात्रात शल्यचिकित्सक म्हणून काम करून आले, आणि १९६६ मध्ये झांबियाच्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या चिंगोला या गावी गेले. तिथे ते २००० पर्यंत राहिले. ३४ वर्षे. अशा गावात शल्यचिकित्सकाला हाड बसवणे, अडलेली बाळंतीण सोडवणे आणि खाणीतल्या अपघाताचा जखमी हाताळणे हे सारे एकट्यानेच करावे लागते, आणि तिथल्या बहुतेक रुग्णांना आपल्यावर उपचार करणारा माणूस पूर्वी काय होता याची गंधवार्ताही नव्हती. ते स्वतःहून सांगणाऱ्यांतले नव्हते. २००० मध्ये ते आयर्लंडला परतले, काउंटी डाउनमध्ये राहिले आणि २८ नोव्हेंबर २०१४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी वारले.

हळवेपणाचा प्रश्न मी टाळत नाही. २००२ च्या निवडीत त्याचा वाटा असणारच, कारण तेव्हा आयर्लंडचा १९४८ चा ग्रँड स्लॅम एकमेव होता आणि ओड्रिस्कॉल यांची कारकीर्द जेमतेम सुरू झाली होती. आज पुन्हा मत घेतले तर निकाल वेगळा लागू शकेल आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही. पण ४६ आणि ७ या आकड्यांवरून त्यांना खाली ओढता येणार नाही. तू फ्लाय-हाफ खेळतोस, म्हणून पुढच्या सरावात एक कर. तुझ्या फ्लँकरला सांग की चेंडू सुटताच त्याने जुन्या नियमाने सुटावे, दहा वेळा चेंडू घे, आणि त्यातला किती वेळा तू उभा राहिलास ते मला कळव.